सतरा नंबरचा पोर्ट

डिचोलीच्या ऑफिसात मी नोकरीला लागले तेव्हा कंपनीचं सगळं नेटवर्क एका माणसाच्या डोक्यात होतं. कुठली वायर कुठून निघते, कुठल्या भिंतीतून जाते आणि कुठे संपते, हे कागदावर कुठेच नव्हतं. तो माणूस म्हणजे माझे साहेब. पन्नाशी उलटलेले, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचे, ख्रिस्ती. कंपनीत ते इलेक्ट्रिशियन म्हणून आले होते. पुढे टेलिफोनचं बघू लागले. मग कॉम्प्युटर आले, तेव्हा ‘वायरींचंच काम आहे, तुम्हीच बघा’ असं म्हणून तेही त्यांच्याकडे देण्यात आलं. जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी पुस्तकं वाचून ते सगळं शिकले होते. आठवडाभर डिचोलीत भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारच्या बसने गावी जायचे.

कंपनीचा मूळ धंदा खनिजाचा. पाळीला खाण, डिचोलीला मुख्य ऑफिस, फोंड्याला दुसरं ऑफिस, आणि आमच्या पेडण्याच्या औद्योगिक वसाहतीत खाणीच्या मशीनचे सुटे भाग करणारा एक छोटा कारखाना. गोवा घटक राज्य होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. मी फोंड्याला इंजिनिअरिंग करून नुकतीच बाहेर पडले होते. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, असा रोजचा दोन बसचा प्रवास.

नोकरी लागल्याचं घरी सांगितलं तेव्हा बाबांनी दोनच प्रश्न विचारले.

“साहेब खंयचो?”

“सासष्टेचो.”

“किरिस्तांव?”

“व्हय.”

“बरां,” म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

बाबा मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ तपासणारे. घरात आम्ही बोलायचो ते पेडण्याचं बोलणं, आणि लिहायचो ती मराठी. यात काही विसंगत आहे असं आम्हांला कधी वाटलं नाही. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, या वादात बाबा मराठीच्या बाजूने गावोगाव सभांना जात. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. त्या दिवसांतलं मला एवढंच आठवतं, की बस बंद होत्या, शाळा बंद होती, आणि कुठल्याशा शिबिराला दक्षिणेकडे गेलेले बाबा तीन दिवसांनी परत आले तेव्हा त्यांचा डावा गाल काळानिळा होता. “पडलंय” म्हणाले. खरं काय झालं ते आईने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. एका तिठ्यावर पोरांनी बस अडवली होती आणि एकेका माणसाला ‘कोंकणीत उलय’ म्हणत होते. बाबांना ते सहज जमलं असतं, घरी दुसरं काय बोलत होते ते! पण त्यांनी मुद्दाम पुस्तकी मराठीत उत्तर दिलं. मग एकाने कानाखाली वाजवली.

ही गोष्ट मनात ठेवूनच मी साहेबांसमोर पहिल्या दिवशी उभी राहिले. ते स्क्रू पिळत होते. वर न बघता म्हणाले, “बाय, ती ब्याटरी हांगा धर.” मी बॅटरी धरली. त्यानंतर दोनेक तासांत मी त्यांच्याशी घरच्यासारखी बोलू लागले होते. ते त्यांच्या तऱ्हेने ‘केलें, गेलें’ म्हणायचे, मी माझ्या तऱ्हेने ‘केलां, गेलां’ म्हणायचे. बोलण्यात कुठे अडलं नाही. लिहिण्यात मात्र आमचा काही संबंध नव्हता. त्यांचं पहिलं शिक्षण पोर्तुगीजमधलं, नंतर इंग्रजी. देवनागरीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. ते कोंकणी लिहायचे ती रोमन लिपीत, आणि ती मला वाचता यायची नाही. म्हणजे अक्षरं कळायची, पण त्यातून शब्द उठायचा नाही.

वर्षभराने कंपनीने नवीन स्विच घेतले. तोपर्यंत सगळे कॉम्प्युटर एकाच ढिगात होते. लॅबमधलं एखादं मशीन बिघडून बडबडू लागलं की हिशेब खात्यापासून खाणीवरच्या वजनकाट्यापर्यंत सगळ्यांचं काम तुंबायचं. नवीन स्विचमध्ये एकाच डब्याच्या आत वेगवेगळे गट करता येणार होते. त्यांना व्हीलॅन म्हणतात. हिशेबवाल्यांचा एक, काट्याचा एक, कॅमेऱ्यांचा एक. एका गटातला गोंधळ दुसऱ्यात जात नाही, आणि एकातून दुसऱ्यात जायचं तर ठरलेल्या दारातूनच. मॅनेजरना साहेबांनी हे एका वाक्यात समजावलं होतं, “गांव एकच, वाडे वेगळे.”

दुसरा बदल रस्त्यांचा होता. डिचोलीहून फोंड्याला माहिती कुठल्या वाटेने जायची, हे आजवर साहेब प्रत्येक ठिकाणी हाताने लिहून ठेवत. लाइन तुटली की त्यांना फोन जायचा आणि ते बसल्या जागेवरून रस्ता बदलून द्यायचे. आता स्विच स्वतःच शेजारच्या स्विचशी बोलणार होते. मी आहे, माझ्यामागे अमुक आहे, असं प्रत्येकाने दर थोड्या सेकंदांनी सांगायचं. एखादा गप्प झाला की बाकीच्यांनी समजून घ्यायचं आणि दुसरी वाट धरायची. हे मी कॉलेजात शिकले होते, साहेबांनी फक्त वाचलं होतं. त्यामुळे हे काम माझं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

स्विचची अदलाबदल रविवारी करायची ठरली, कारण त्या दिवशी ऑफिस आणि कारखाना बंद. नेमकं त्याच रविवारी साहेबांच्या गावच्या चर्चचं फेस्त होतं.

“फेस्त सोडून येतां हांव,” ते म्हणाले.

“नाका सर. माका जमतलां.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “बरें. जुन्या स्विचाची यादी छापून घे. आनी घाई करूं नाका.”

ती यादी अजून डोळ्यांसमोर आहे. चोवीस पोर्ट. पोर्ट म्हणजे वायर खुपसायचं भोक. प्रत्येक पोर्टासमोर, त्यात काय आहे ते लक्षात राहावं म्हणून, एखादा शब्द लिहिता येतो. साहेबांनी ते शब्द त्यांच्या रोमन कोंकणीत लिहिले होते. बहुतेक मी ओळखले. ‘वयर’ म्हणजे वरचा मजला, ‘सकयल’ म्हणजे खालचा, ‘कांटो’ म्हणजे वजनकाटा. सतराव्या पोर्टासमोर लिहिलं होतं, पी, ओ, आर, एन, ई, एम.

इंग्रजीत पेडण्याचं स्पेलिंग पी, ई, आर, एन, ई, एम असं आहे. दुसरं अक्षर तेवढं चुकलं होतं. मला हसूच आलं. मास्तरांची मुलगी ना मी! हातातल्या पेनाने ‘ओ’वर काट मारली, वर ‘ई’ काढला, आणि सतरावा पोर्ट पेडण्याच्या गटात घातला.

चोविसाव्या पोर्टासमोर काहीच लिहिलेलं नव्हतं. रविवारी सकाळी बघितलं तर वायर लावलेली होती, हिरवा दिवा स्थिर होता, पण लुकलुकत नव्हता, म्हणजे त्यातून काही जात-येत नव्हतं. रिकामी वायर कोणीतरी विसरून गेलंय असं समजून नवीन स्विचमध्ये तो पोर्ट मी बंद केला.

नऊला कामाला सुरुवात केली. अकराच्या सुमाराला नवीन स्विच जागेवर बसला. पडद्यावर मी शेजाऱ्यांची यादी उघडून बसले. आधी पाळी दिसलं. मग फोंडा. दोघांची ओळख पटली, रस्त्यांचा तक्ता आपोआप भरत गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः मांडलेलं काहीतरी माझ्या मदतीशिवाय चालू झालं होतं. खोलीत मी एकटी होते, तरी उठून उभी राहिले.

पेडणे मात्र दिसेना.

कारखान्याच्या वॉचमनला फोन लावला. तो म्हणाला, “बाय, मशीनीच्यो लायटी पेटल्यात सगळ्यो.” मी त्याला डबा बंद करून परत चालू करायला लावला. दोनदा. काही फरक नाही. टेलिफोनची लाइन खराब असणार, सोमवारी बघू, असं म्हणून चारच्या बसने मी घरी गेले. जेवताना बाबांनी विचारलं, “जालां काम?” मी म्हटलं, “आमच्या पेडण्याचां तेवढां रवलां.” ते म्हणाले, “आमचां नेहमीच रवता.”

सोमवारी साडेसातला ऑफिसात पोचले. पाठोपाठ स्टोअरकीपर आला. कंपाउंडच्या मागच्या बाजूला कंपनीची पहिली बैठी इमारत होती, तिथे आता सामानाचं कोठार होतं, आणि तिथे त्याचा एक कॉम्प्युटर होता.

“बाय, माझां मशीन चलना.”

“पोन्न्या ऑफिसात मागीर येतंय,” मी म्हटलं. “आदीं पेडण्याचां बघूंक जाय.”

हे वाक्य मी माझ्या तोंडाने उच्चारलं. पोन्नें म्हणजे जुनं. त्या इमारतीला सगळे पोन्नें ऑफिस म्हणत, मीही म्हणायचे. तो बिचारा गेला आणि मी कंपनीची जीप घेऊन पेडण्याला निघाले.

कारखान्याच्या दारात एक ट्रक भरून उभा होता. पाळीच्या खाणीवरचं एक मोठं मशीन मोडून पडलं होतं आणि त्याचा भाग या ट्रकात होता. पण माल बाहेर काढायचा तर त्याची पावती डिचोलीच्या कॉम्प्युटरवरून येऊन इथल्या प्रिंटरवर छापली जायला हवी. ती येत नव्हती. ड्रायव्हर कुडाळकडचा, बाबांच्या वयाचा. चाकाला टेकून बसला होता.

“बाये, तुया कॉम्प्युटरवाली काय गे?”

“व्हय.”

“सकाळी सातापासून बसलंय. खाणीर माणसां हात बांधून उभी आसत. हातान लिवून देवंक येना तुमका?”

सुपरवायझर हाताने लिहून द्यायला तयार नव्हता. तसा हुकूमच होता. मी आत गेले. डबा तपासला, वायर बदलली, लॅपटॉप लावून पाहिलं. पेडण्याच्या बाजूला सगळं व्यवस्थित. मग टेलिफोनवाल्यांना फोन केला. त्यांचा माणूस येऊन लाइन तपासून म्हणाला, “लाइन बरी आसा. दोष तुमच्या तिकडेन.” मी त्याच्याशी वाद घातला. आवाज चढवून बोलले. त्याने शांतपणे त्याचं यंत्र पिशवीत भरलं आणि तो गेला. त्या माणसाची मी नंतर कधी क्षमा मागितली नाही, ते अजून खुपतं.

साडेदहा वाजले असतील. कारखान्यातला फोन वाजला. साहेब गावाहून थेट डिचोलीत पोचले होते.

“बाय, सतरावो पोर्ट कित्याक हालयलो?”

“हालयलो ना सर. तो पेडण्याचोच ना?”

“कोणें सांगलें?”

“तुमीच लिवलां. पी, ओ, आर, एन, ई, एम.”

त्यांनी तोच शब्द मोठ्याने म्हटला, सावकाश, जसा ते रोज म्हणायचे तसा.

“पोन्नें गो तें. पोन्नें ऑफिस.”

शेवटचा एम म्हणजे नुसता अनुस्वार. खिडकीतून तो ड्रायव्हर दिसत होता.

“आनी पेडण्याचो?” मी विचारलं.

“निमाणो. चोविसावो. पेडण्याची लाइन निमाण्या भोकांत, हें सगळ्यांक खबर आसा म्हणून बरोवंक ना.” निमाणो म्हणजे शेवटचा; सगळ्यांना माहीत म्हणून त्यांनी काही लिहिलंच नव्हतं. मग म्हणाले, “तुका सांगपाचें उरलें. राव, उगडतां.”

मी आकडे मोजत होते की श्वास, ते आठवत नाही. अर्ध्या मिनिटाने माझ्या लॅपटॉपवर डिचोली शेजारी म्हणून दिसलं, मग त्याच्या पाठोपाठ पाळी आणि फोंड्याचे रस्ते. खोलीच्या कोपऱ्यातला प्रिंटर गुरगुरला. सकाळपासूनच्या अडकलेल्या सगळ्या पावत्या एकामागून एक बाहेर पडू लागल्या. ड्रायव्हरला त्याचा कागद मी स्वतः नेऊन दिला.

“सापडला काय?” त्याने विचारलं.

“सापडलां. माझीच चूक होती.”

“जावंदे गे,” तो म्हणाला आणि ट्रक चालू केला.

चोविसाव्या पोर्टाचा दिवा रविवारी का लुकलुकत नव्हता, हे एव्हाना मला कळलं होतं. कारखाना बंद होता. त्या वायरीतून जायला काही नव्हतंच. बंद दुकानाच्या दारात उभं राहून इथे कोणी राहत नाही असं ठरवावं, तसं मी केलं होतं. चोविसावा पोर्ट न ओळखणं हा अनुभवाचा भाग, तो मी माफ करू शकत होते. सतरावा नाही. तो शब्द मी दिवसातून चारदा बोलत होते, आणि तो डोळ्यांसमोर आला तेव्हा मला तो शब्द आहे असं वाटलंच नाही. मला ती स्पेलिंगची चूक वाटली. आणि ती चूक मी पेनाने दुरुस्त केली, स्वतःवर खूश होऊन. परतीच्या जीपमध्ये मला सारखं बाबांचं एक वाक्य ऐकू येत होतं, कोंकणीबद्दल सभांमध्ये ते म्हणत असत ते, “ती बोली आसा, तिका शुद्धलेखन खंयचां?”

दुपारी मॅनेजरनी दोघांना बोलावलं. चूक कोणाची, असं विचारलं.

“नांव म्हजें बरयल्लें,” साहेब म्हणाले.

“वाचलं मी,” मी म्हटलं. “आणि न विचारता वाचलं.”

मॅनेजरना यातलं काही कळलं नाही. यापुढे सगळी नावं इंग्रजीत लिहा, एवढं सांगून त्यांनी आम्हांला घालवलं. आम्ही तसं केलं. पण त्याच आठवड्यात साहेबांनी एक जाड वही आणली. डोक्यातलं एकेक सांगायला बसले आणि मी लिहीत गेले, कुठली वायर, कुठली भिंत, कुठला खांब. महिनाभर रोज जेवणानंतर अर्धा तास. लिहिलेलं त्यांना वाचता येत नसे, म्हणून मी वाचून दाखवायचे आणि ते मान हलवायचे.

पेडण्याला एकच लाइन असणं बरं नाही, हे त्या सोमवारी सगळ्यांना पटलं होतं. पावसाळा सरल्यावर कंपनीने दुसरी वाट मंजूर केली, कारखान्याच्या छपरावर रेडिओचा खांब. तो उभारायला एका रविवारी साहेब स्वतः आले. काम एकपर्यंत आटोपलं. कारखान्यापासून आमचं घर चालत दहा मिनिटं. जेवायला चला, असं मी म्हणाले खरी, पण बाबा त्यांच्याशी कसे बोलतील, हाच विचार वाटभर डोक्यात होता.

साहेबांनी म्हापशाहून आणलेले उंडे, म्हणजे गोल पाव, पिशवीत होते. ते त्यांनी आईच्या हातात दिले. बाबा सोप्यावर होते. उठले, बसायला कदेल पुढे केलं. दोघे बसले. पाऊस, नारळाचा भाव, बसची वेळ, सगळं झालं. मग साहेबांनी आपणहून ती सतराव्या पोर्टाची गोष्ट काढली. हसत हसत सांगितली, आणि माझ्यापेक्षा स्वतःवरच जास्त हसले. मी घरी ती कधी सांगितली नव्हती.

बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “बोलताना तुमी पोन्नें म्हणतात. मग लिवताना र कित्याक?”

“बरयताना र आसता. पाद्रीन तशेंच शिकयलें.”

“पूण बोलताना र खंय आसा?”

“ना. पयलीं आसतलो.”

बाबांच्या हाताची बोटं मांडीवर काहीतरी लिहीत होती, ती त्यांची शाळेतली सवय. “पुराणां, म्हणजे जुनां,” ते म्हणाले. “पुराणांतलो र तो. म्हणजे तुमी लिवताना र सांभाळलात. आमी बोलता बोलता सांडलो.” आणि माझ्याकडे वळून, “तुका कळूंक होया होतां.”

ताटं वाढली. जेवताना मध्येच, भाताचा घास तसाच हातात धरून बाबांनी विचारलं, “भाशेच्या वर्सा तुमी खंय आसलात?”

आई हातात वाढायची कुलेर घेऊन थांबली.

“गांवांत,” साहेब म्हणाले. “रस्त्यार. रूख मारून आडवे घाल्ले आमी.”

“माका एका तिठ्यार बसीतून उतरयलो. मारलो.”

हे त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच म्हटलं. साहेबांनी हात ताटातून काढला.

“तो हांव न्हय,” ते म्हणाले. “पूण तातूंतलो एक हांव जावंक शकतालों, मास्तर. तें खरें.”

“कळलां माका,” बाबा म्हणाले. मग आईला म्हणाले, “तेंका माशाचां हुमण वाढ.” जेवण पुढे चालू झालं. आणखी थोड्या वेळाने बाबांनी, जणू मधलं काही झालंच नव्हतं अशा आवाजात म्हटलं, “राज्य जालां तां मात्र बरां जालां.” साहेब म्हणाले, “तें बरें जालें.” याच्यापलीकडे त्या विषयावर ते दोघे माझ्या देखत कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या वाटेचा उपयोग दोनेक महिन्यांनी झाला. कुठेतरी रस्ता खणताना पेडण्याची लाइन तुटली. ते आम्हांला दुसऱ्या दिवशी कळलं, स्विचच्या नोंदी चाळताना. दुपारी शेजारी हरवला, काही सेकंदांत रेडिओवरून नवी वाट धरली, संध्याकाळी जुनी परत आली. पावत्या छापल्या गेल्या, फोन एकही नाही. साहेबांनी नोंद दोनदा वाचली. “कोणाक कळूंक ना,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला कँटीनमध्ये चहाबरोबर दोन भजी जास्त घ्यायला लावली.

त्या जेवणानंतरच्या सोमवारी बाबांनी माझ्या डब्याच्या पिशवीत एक चिठ्ठी घातली होती. ‘खिडकीला तुमच्यात जनेल म्हणतात. रोमनमध्ये कसं लिहितात?’ मी ती साहेबांना वाचून दाखवली. त्यांनी चिठ्ठीमागे मोठ्या अक्षरांत उत्तर लिहिलं आणि खाली एक उलट प्रश्न. संध्याकाळी तो मी बाबांना वाचून दाखवला. असं वर्षभर चाललं. माशांची नावं, झाडांची नावं, स्वयंपाकघरातली भांडी. एकदा एका शब्दाच्या मुळावरून दोघांचं वाजलं. तो पोर्तुगीज आहे असं साहेब म्हणत, आणि मुळात आपलाच आहे असं बाबा. सहा आठवडे एकही चिठ्ठी आली-गेली नाही. त्या दिवसांत दोघेही मला वेगवेगळं विचारायचे, “तो कितें म्हणता?” मी दोघांनाही सांगायचे की काही म्हणत नाहीत. मग एका सकाळी पिशवीत चिठ्ठी सापडली, दुसऱ्याच शब्दाची.

पुढे साहेब निवृत्त होऊन गावी गेले. त्यांची खुर्ची मला मिळाली, आणि ती जाड वहीही. खाणीचे दिवस पालटले तशी मी ती नोकरी सोडून फोंड्याला दुसरीकडे लागले. साहेब गावी गेल्यावर चिठ्ठ्या न्यायला कोणी उरलं नाही. आठ-दहा दिवस गेले. मग बाबा म्हणाले, “तेंचो पत्तो दी.” त्यांनी पोस्टाने पत्र घातलं, देवनागरीत. मी म्हटलं, “तेंका वाचूंक येना.” बाबा म्हणाले, “तेंच्या शेजारचां एखादां चेडू शाळेत जाता मा? तां वाचतलां.”

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. चार पानं, निळ्या शाईत, रोमन कोंकणी. बाबा सोप्यावर डोळे मिटून बसले आणि मी वाचू लागले. वर्षभराच्या चिठ्ठ्यांनंतरही मला ते सरळ वाचता येत नव्हतं. एकेक अक्षर जुळवून शब्द तोंडात आणावा लागे. मध्ये कुठेतरी त्यांच्या विहिरीबद्दल काही लिहिलं होतं, तिथे मी अडले. तोच शब्द दोनदा, तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने उच्चारून पाहिला.

बाबांनी डोळे न उघडता तो शब्द सांगितला. मी पुढचं वाचलं. पुन्हा अडले, आणि त्यांनी पुन्हा सांगितला. कागद माझ्या हातात होता, त्यांनी तो एकदाही पाहिला नाही.